बिननावाची मूठ

१

सुरतेतल्या आमच्या लिंबायतमध्ये शांतता आठवड्यातून एकदाच येते, सोमवारी. त्या दिवशी आमच्या बाजूची वीज कापतात, कापडाची लूमं बंद राहतात आणि एरवी भिंतीतून, फरशीतून, अगदी पाण्याच्या हंड्यातूनही येणारी खटाखट थांबते. बाकीचे सहा दिवस आम्ही सगळे जरा ओरडूनच बोलतो. सोमवारी कळतं की आपण ओरडत होतो.

माझा सोमवारचा उपास, म्हणून मला तो दिवस आवडायचा. पोथी वाचताना स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा.

घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पुढच्या खोलीत दाराशी लोखंडी कॉट, मागे स्वयंपाक, आणि स्वयंपाकावर पत्र्याखाली माळा. माळ्याला लोखंडी शिडी. तिची तिसरी पायरी पाय पडला की करकरते. हर्षदाचे पप्पा शहराबाहेर सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते. कायम रात्रपाळी. सकाळी आठला यायचे, अंघोळ करून माळ्यावर जाऊन झोपायचे. दुपारी एक वाजता मी शिडीखाली उभी राहून म्हणायची, "ऐकलं का, ताट वाढलंय." वरून आवाज यायचा, "हां. आलो." मग तिसरी पायरी करकरायची.

ताटावर बसले की पहिल्या घासाआधी ते ताटाच्या कडेवर बोटाने दोनदा ठोकायचे. टक टक. बॉयलरच्या नळीवर ठोकून आत पाणी किती ते कळतं म्हणे, त्याची सवय. सासूबाई चिडायच्या, "अन्नाला काय ठोकतोस रे, ते काय बहिरं आहे?" ते हसून परत ठोकायचे.

नऊ वर्षं हे असंच चाललं. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर ते मस्कतला गेले. दोन वर्षांचा करार, मध्ये एकदा रजा. मी सोळा सोमवार धरले आणि महादेवाला एवढंच म्हटलं, जसे गेले तसे परत येऊ देत.

२

आम्ही खानदेशातली माणसं सुरतेत आलो तेव्हा कानबाई देवी आमच्याबरोबर आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि सोमवारी तिला तापीवर नेतात. तिच्या रोटांचं दळण आदल्या दिवशी निघतं. घरातल्या एकेका माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. त्या पिठाचे रोट त्या माणसांनीच खायचे, पुनवेआधी संपवायचे. उंबऱ्याबाहेर त्यातला कणही जाऊ द्यायचा नाही.

नावं दरवर्षी सासूबाई घ्यायच्या. त्यासाठी त्या गावाहून एसटीने यायच्या, गुडघे चोळत. चौऱ्याण्णव साली त्या पाय घसरून पडल्या, प्लॅस्टर लागलं. म्हणून त्या वर्षी सूप माझ्यापुढे आलं.

शेजारच्या उषाबाई निवडायला बसल्या होत्या. त्याही आमच्याच बाजूच्या, शिरपूरकडच्या. बोलणं तिखट, पण मदतीला पहिल्या.

"रुक्मिणी, दूर गेलेल्याची मूठ टाकू नको गं," त्या म्हणाल्या. "रोट खायला का तो विमानात बसून येणार आहे?"

"मी खाईन त्यांच्या वाटचा."

"मग खा दुप्पट. आधीच वाळून काटकी झाली आहेस, तेवढीच भर."

त्या हसत आपल्या घरी दूध बघायला गेल्या. हर्षदा शाळेत होती. मी एकटी.

सासूबाईंचं नाव घेतलं, मूठ टाकली. हर्षदाचं घेतलं, टाकली. माझं घेतलं, टाकली. मग त्यांची मूठ भरली आणि नाव ओठांवर येईना. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेवढंच. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. हर्षदा येईपर्यंत थांबायला हवं होतं, बारा वाजता ती आलीच असती. पण गिरणीत नंबर लावला होता, आणि मूठ आवळून आवळून तळवा ओला झाला होता. मी डोळे मिटले, त्यांचा चेहरा आठवला आणि गहू सोडून दिले.

चौथी मूठ सुपात पडली. नाव कुणाचंच घेतलं नाही.

३

सोमवारी कानबाईला तापीवर पोचवून आम्ही दुपारी परत आलो. लूमं बंद, गल्ली चिडीचूप. त्यांच्या वाटचे दोन रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी मी पितळी डब्यात झाकून फळीवर ठेवली होती. म्हटलं, उपास सोडताना खाऊ.

डबा उघडला तर आत काही नव्हतं.

सांडलवंड नाही, चुरा नाही. डबा पुसून घेतल्यासारखा. माझा पहिला संशय हर्षदावर गेला, पण ती दिवसभर माझ्या पदराला धरून होती, आणि गंगाफळ तिच्या नावडीचं. मग मी म्हटलं, उंदीर.

उषाबाईंनी डबा उलटसुलट करून पाहिला. "उंदीर मोठा धार्मिक दिसतो," त्या म्हणाल्या. "खाऊन झाकण परत लावून गेला."

मी हसले. वाटलं, मीच कुठे दुसरीकडे ठेवले असतील. एवढ्या धावपळीत माणूस विसरतं. पुनवेपर्यंत मी घरातले सगळे डबे उघडून पाहिले.

४

पंधरा दिवसांनी कॅसेट आली. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते कॅसेटवर बोलून पाठवायचे. डिंडोलीचा किसन त्यांच्याच कंपनीत होता. त्याच्या ओळखीचं कुणी आलं की कॅसेट यायची. उषाबाईंचा टेपरेकॉर्डर आणायचा, दार लावायचं आणि आम्ही दोघी मायलेकी कॉटवर बसून ऐकायचो.

आधी ऊन किती, पंखा कसा, हर्षदाने अभ्यास करावा, असं नेहमीचं. मग ते म्हणाले, "एक गंमत सांगतो. गेल्या सोमवारी दुपारी मेसमध्ये ताट घेतलं आणि जेवणच जाईना. पोट गच्च. आणि तोंडात गंगाफळाची चव. बाजूच्याला म्हटलं, अरे, आज भाजी काय आहे? तर म्हणे डाळ. कानबाई पावली म्हणायची तुमची."

मी ते तेवढंच सात वेळा मागे घेऊन ऐकलं. हर्षदा कंटाळून बाहेर गेली. देवीपुढे साखर ठेवली. समुद्रापलीकडे माझ्या हातची चव पोचली, यापेक्षा बाईला आणखी काय हवं?

आठव्या वेळी ऐकताना मात्र एक ध्यानात आलं. बोलताना मध्ये मध्ये ते थांबत होते. कुणी दुसरं बोलतंय आणि ते ऐकून घेतायत, असं.

५

त्याच भाद्रपदात सुरतेत प्लेग आला. तीन दिवसांत निम्मं लिंबायत रिकामं झालं. आम्ही कुलूप लावलं आणि मिळेल त्या गाडीत लटकून गावी गेलो.

इतक्या वर्षांत मी गावी जायची ती सणाची, साड्या-मिठाई घेऊन. या वेळी लोक दहा हात लांब उभे राहून बोलले. फक्त सासूबाईंनी प्लॅस्टरचा पाय ओढत येऊन हर्षदाला छातीशी धरलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्यांनी विचारलं, "कानबाईनं समदं नीट झालं ना व? नाव कोनी लिधं?" नाव कोणी घेतलं?

"हर्षदानं," मी म्हटलं.

मी व्रतं करणारी बाई. खोटं बोलल्याचा घास मला दिवसभर उतरला नाही.

गावच्या पोस्टातून त्यांचा फोन लागला. हिंदुस्थानातली विमानं थांबवली होती, त्यांची दिवाळीची रजा रद्द झाली. "पुढच्या वेळी," ते म्हणाले. मी रडले, तर म्हणाले, "रडतेस काय, मी आहेच की तिथे." धीर द्यायला माणूस असं बोलतोच.

तेवीस दिवसांनी परत आलो. कुलूप तसंच होतं, गंज धरलेलं. किल्ली फिरवायला तेल घालावं लागलं. आत धूळ, बंद घराचा वास. मी माठ रिकामा करायला उचलला तर जड. पाणी काठोकाठ, थंडगार, त्या दिवशी भरल्यासारखं. मागच्या दोरीवर त्यांची निळी लुंगी होती. ती मी ट्रंकेत घडी करून ठेवली होती.

हात लावला. ओली होती. खालच्या काठावरून एक थेंब फरशीवर पडला.

६

मी वेडी नाही. प्रत्येक गोष्टीला कारण शोधून पाहिलं. पत्र्याला भोक असेल, पाऊस गळला असेल. लुंगी मीच घाईत काढली असेल. माळ्यावर चढून पाहिलं. ट्रंक, गोणपाट, गोधड्या. वरची गोधडी हाताला गरम लागली. पण पत्र्याखालची गोधडी दुपारी गरमच असणार.

तरी दुसऱ्या दिवशी एक वाजता मी ताट वाढलं. नुसतं वाढलं. शिडीखाली उभी राहिले, हाक मारली नाही, आणि चुलीकडे तोंड करून बसले. लूमं चालू होती, काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळाने वळले तर ताटातलं जेवण झालेलं. भात नेहमीसारखा मधून खाल्लेला, मिरचीचं देठ कडेला.

वळून बघायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला आपोआप कळलं होतं.

मग रोजच. मी त्यांच्या आवडीचं करायला लागले. पाठ फिरवून बसायचं आणि दिवसाचं सगळं सांगायचं, हर्षदाला किती मार्क पडले, उषाबाईंचं कोणाशी भांडण झालं. उत्तर नसायचं. फक्त सोमवारी, लूमं बंद असली की, पहिल्या घासाआधी मागे आवाज यायचा. टक टक.

त्या आवाजासाठी मी आठवडाभर थांबायची. हे लिहिताना लाज वाटते, पण घरात माणूस असल्याचं सुख काय असतं ते ज्या बाईचा माणूस लांब आहे तिला विचारा. मी आरशात बघायला लागले. केसांत गजरा आला.

"काय गं," उषाबाई म्हणाल्या, "मस्कत लिंबायतला आलं की काय?"

७

चैत्रात किसन रजेवर आला आणि दूध पावडरचे डबे घेऊन घरी भेटायला आला. पाणी दिलं, चहा दिला. तो कपात बघत बसला.

"हे कसे आहेत?" मी विचारलं.

"वहिनी, खरं सांगू का? सुकदेव खात नाही. ताट घेतो, बसतो, तसंच ठेवून देतो. विचारलं तर म्हणतो पोट भरलंय. पँटला दोरी बांधतो आता. हाक मारली तर तीन-तीनदा मारावी लागते, जसं काय नाव दुसऱ्याचंच आहे."

"डॉक्टर?"

"दाखवलं. काही नाही म्हणाले. वहिनी, होळीला त्याला रजा मिळाली होती. तिकीट हातात दिलेलं."

मला हे माहीतच नव्हतं. "मग?"

"परत केलं. म्हणाला, आत्ताच तर घरी जाऊन आलो." किसन हसला, आणि मी हसले नाही हे पाहून त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मी म्हटलं, येड्या, सव्वा वर्ष झालं तुला. तर म्हणे, काल दुपारीच जेवलो की. भरीत होतं. हे शिवरात्रीच्या दोन दिवसांनी म्हणाला मला."

शिवरात्रीचं पारणं झालं त्या दिवशी मी भरीत केलं होतं. वांगी उषाबाईंनी दिली होती.

किसनने आणखी काही सांगितलं असेल. मी त्याच्या खांद्यावरून शिडीकडे बघत होते. एक वाजायला आला होता, आणि ताट मी आधीच वाढून ठेवलं होतं.

८

त्या दिवशी ते ताट मी उचललं आणि गायीला घालून आले. देव्हाऱ्यापुढे बसून कानबाईला म्हटलं, माय, मला जो हवा तो समुद्रापलीकडे आहे. हा जो इथे आहे त्याला मी उपाशी ठेवणार. पण माझ्या घरात कुणी उपाशी असताना मला घास जायचा नाही, म्हणून दुपारी मीही जेवणार नाही, ते घरी येईपर्यंत.

पहिले दिवस लूमांच्या आवाजात गेले. सोमवार उजाडला. एक वाजला, मी ताट मांडलं नाही. शिडीची तिसरी पायरी करकरली. बराच वेळ काही नाही. परत करकरली, वर जाताना. मग माळ्याच्या फळीवर, अगदी माझ्या डोक्यावर, टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक. त्यात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. आपल्याला विसरले असतील, आता आठवेल, असं ते ठोकणं होतं.

मी पोथी मोठ्याने वाचत राहिले.

हर्षदा शाळेतून आली, दप्तर ठेवलं, वर बघितलं आणि सहज म्हणाली, "मम्मी, पप्पाने भूख लागी छे." पप्पांना भूक लागलीय. ती गुजराती शाळेतली, मैत्रिणींशी बोलायची तशी बोलली. मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "कोण म्हणालं?" तिने खांदे उडवले.

असे अकरा सोमवार गेले. दर सोमवारी आवाज हलका होत गेला, नखाने केल्यासारखा. नवव्या सोमवारी मी ताट वाढलं होतं, खोटं कशाला सांगू. वाढलं, दोन मिनिटं बघत राहिले आणि परत पातेल्यात ओतलं. हात भाजला.

आषाढात पत्र आलं. पत्र, कॅसेट नाही. चार ओळी: भूक लागते आहे. घरची फार आठवण येते. रजा मागितली. श्रावणात येतो.

९

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दाराशी थांबली. मोठी बॅग, दोरीने बांधलेलं ब्लँकेट, आणि शर्टात हरवलेला माणूस. मी ओवाळलं. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकू दिला, पाण्याचा हात डोळ्यांना लावू दिला, आणि उंबऱ्याच्या आत येऊन दाराजवळच्या कॉटवर बसले. तिथेच बसून राहिले. मागच्या खोलीत आलेच नाहीत.

"घर हेच ना?" त्यांनी विचारलं.

"असं काय विचारता?"

"नाही. आत कुणी आहे असं वाटतं. उगीच कशाला अडचण."

जेवायला दिलं, दोन घास खाल्ले. ताटाच्या कडेला बोट लागलं नाही. हर्षदा "पप्पा, पप्पा" करत होती. ते तिच्याकडे पाहुण्याने बघावं तसे हसून बघत होते.

सासूबाई त्याच संध्याकाळी आल्या. दोन दिवस त्या मुलाकडे बघत राहिल्या. शनिवारी सकाळी सूप पुढे घेतलं, गहू घेतले, आणि मला समोर बसवून विचारलं, "मांगल्या वरीसले नाव कोनी लिधं व्हतं?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, ताटांचं, सोमवारांचं. त्यांनी मध्ये एकदाही विचारलं नाही की असं कसं होईल. बोलून झाल्यावर त्यांनी गव्हाची परात माझ्याकडे सरकवली.

"मना आंडोर शे तो," त्या म्हणाल्या. माझा मुलगा आहे तो. "आते तूच ले नाव."

"मी कसं घेऊ, आई?"

"ले."

त्याच वेळी लाइट गेली. आधी जवळची लूमं थांबली, मग पलीकडच्या गल्लीतली, मग लांबची. कान रिकामे झाले. मी पुढच्या दाराकडे तोंड करून बसले होते. कॉटवर त्यांची पाठ दिसत होती, शर्टातून खांद्याची हाडं दिसत होती. शिडी माझ्या मागे होती.

मी मूठ भरली. "सुकदेव," मी म्हटलं.

"हां," मागून वरून आवाज आला. नऊ वर्षं ऐकलेला, झोपेतून उठलेला, गोड. "आलो."

कॉटवरची पाठ हलली नाही.

तिसरी पायरी करकरली. सासूबाईंचे डोळे माझ्या खांद्यावरून वर गेले आणि एकेक पायरी खाली उतरू लागले. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. "मांगे देखू नको," त्या पुटपुटल्या.

मी मागे पाहिलं नाही. पण गव्हाच्या परातीची कड मी सकाळीच चिंचेने घासली होती. तिच्यात शिडी दिसत होती, वाकडी. आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर दोन पाय. डाव्या घोट्यावर वाफेने भाजल्याचा डाग, मीच हळद लावून बरा केलेला. पाय फार बारीक झाले होते.

मी मूठ आवळून उठले. पुढच्या खोलीपर्यंत सहा पावलं आहेत. मागे, माझ्या पावलाबरोबर, आणखी एक पाऊल पडत होतं. ओढत, दमून. वळून एक घास द्यावा असं इतकं वाटलं की देवीचं नाव घेऊन मी ओठ चावला. कॉटसमोर जाऊन उभी राहिले.

"सुकदेव," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. "कोणाला हाक मारतेस?"

"तुम्हाला." मी त्यांचा हात ओढून उघडला आणि मूठ त्यांच्या तळव्यावर रिकामी केली. "तुमचं नाव आहे. सुकदेव. ऐका ना."

ते गव्हाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग डोळ्यांत पाणी आलं, जसं झोपेतून उठल्यावर येतं. "रुक्मिणी," ते म्हणाले, "भूक लागलीय गं." आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने कॉटच्या लोखंडावर दोनदा ठोकलं.

लाइट आली. लूमं एकदम सुरू झाली. मी मागच्या खोलीत धावले तेव्हा शिडी रिकामी होती. सासूबाई तिच्याकडे बघत बसल्या होत्या, पदर तोंडावर.

"उपाशीच गया," त्या म्हणाल्या.

१०

त्या वर्षी त्यांनी पाच रोट खाल्ले. महिनाभर राहिले, अंग भरलं, हर्षदाला खांद्यावर घेऊन गणपती दाखवले. मग परत गेले. करार आणखी दोन वर्षांनी वाढवलाय. किसनची चिठ्ठी येते, की सुकदेव आता दोघांचं खातो, मेसवाला वैतागलाय. देवाने माझं ऐकलं. मी उद्यापन केलं.

घर आता खरंच रिकामं आहे. सोमवारी लूमं बंद झाली की मी पोथी मिटून कान देते. पत्रा तापल्याचा आवाज येतो, तेवढाच. माळ्यावर चढून गोधडीला हात लावते. पत्र्याखालची गोधडी दुपारी गरम असायला हवी. ती गार लागते.

सासूबाई गेल्या माघात वारल्या. शेवटपर्यंत त्या दिवसाबद्दल कधी बोलल्या नाहीत. फक्त भाकरी मोडताना पहिला तुकडा कडेला काढून ठेवायच्या, आणि कुणासाठी ते मी कधी विचारलं नाही.

आज शनिवार. उद्या कानबाई. सूप माझ्यापुढे आहे, गंगाफळ चिरून झालंय. हर्षदा आता अकरा वर्षांची, माझ्याजवळ बसलीय. शाळा बुडवून बसवलंय तिला, नाव घ्यायला. तिचं झालं, माझं झालं. तिसरी मूठ मी भरली आहे.

ती म्हणते, "मम्मी, पप्पांचं नाव मी घेऊ?"

मूठ गच्च आहे. तळवा ओला होत चाललाय. बाहेर लाइट गेली आहे, लूमं एकामागून एक थांबतायत, आधी जवळची, मग लांबची.

"थांब जरा," मी म्हणते.